चावडी लोकांची, किल्ली कोणाची?

गावाची चावडी गावाच्या पैशातून उभी राहते. तिथे येऊन बसण्याचा, बोलण्याचा आणि प्रसंगी कारभाऱ्यांना चार खडे बोल सुनावण्याचा अधिकार साऱ्या गावाचा असतो. चावडीची झाडलोट व्हावी, दिवाबत्ती वेळेवर लागावी, म्हणून गाव एका विश्वासू माणसाच्या हाती किल्ली देतो. काही वर्षांनी हाच माणूस दारात आडवा उभा राहिला आणि म्हणू लागला, 'तू माझ्या कारभारावर टीका केलीस, तुला आत प्रवेश नाही. दाद मागायची असेल तर खुशाल माग. पण लक्षात ठेव, मी सरकार नव्हे, मी खासगी माणूस आहे,' तर गावाने काय करावे? शहाणा गाव सूर्यास्तापूर्वी त्याच्याकडून किल्ली काढून घेईल.

साऱ्या जगाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १७ जून २०१९ रोजी, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, किल्लीवाल्याच्या बाजूने कौल दिला. ज्या चावडीसंबंधी हा कौल होता ती दगडमातीची नव्हती, दूरचित्रवाणीची होती. पण प्रश्न तोच होता. लोकांच्या हक्काची जागा लोकांच्या पैशावर चालवणारी सेवाभावी संस्था नेमकी कोणाला जबाबदार?

हक्काची वाहिनी

सामान्य नागरिकाला स्वतःचा कार्यक्रम स्वतः तयार करून, कोणाही संपादकाची मनधरणी न करता, विनाशुल्क प्रक्षेपित करता यावा, अशी व्यवस्था अमेरिकेत गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ अस्तित्वात आहे. तिला आपण सोयीसाठी 'लोकवाहिनी' म्हणू. १ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात अशा वाहिन्या सुरू झाल्या. जॉर्ज स्टोनी हे माहितीपटकार या चळवळीचे प्रवर्तक मानले जातात. कॅनडात 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमात काम करताना त्यांनी पाहिले होते, की कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती दिला की तो आपली व्यथा तज्ज्ञांपेक्षा नेमकेपणाने मांडतो. १९७१मध्येच न्यूयॉर्क विद्यापीठात रेड बर्न्स यांच्यासमवेत त्यांनी 'अल्टर्नेट मीडिया सेंटर' उभारले आणि तिथून कार्यकर्त्यांची एक पिढी घडली.

या व्यवस्थेमागचा तर्क सरळ होता. केबल कंपनी आपल्या तारा नगराच्या रस्त्यांखालून आणि खांबांवरून नेते. रस्ते जनतेचे आहेत. त्यांच्या वापरातून कंपनी नफा कमावते, तर त्याच्या मोबदल्यात तिने काही वाहिन्या जनतेसाठी मोकळ्या ठेवाव्यात आणि काही पैसाही द्यावा. १९७२ साली तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने देशातील शंभर मोठ्या बाजारपेठांमधील नव्या केबल कंपन्यांना अशा वाहिन्या बंधनकारक केल्या. १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला असा अधिकारच नाही, असे सांगून ते नियम रद्द केले. अखेर १९८४च्या केबल कायद्याने हा प्रश्न नगरांच्या हाती सोपवला. परवाना देताना लोकवाहिन्यांची अट घालण्याची मुभा नगरांना मिळाली, कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के इतके परवाना शुल्क आकारण्याची तरतूद झाली आणि या वाहिन्यांवरील मजकुरावर कंपनीला संपादकीय नियंत्रण ठेवता येणार नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

मग या वाहिन्या चालवायच्या कोणी? काही ठिकाणी नगर प्रशासनाने, काही ठिकाणी केबल कंपनीने, तर काही ठिकाणी महाविद्यालयांनी किंवा ग्रंथालयांनी ही जबाबदारी घेतली. अनेक शहरांनी मात्र त्यासाठी खास सेवाभावी संस्थांची नेमणूक केली. विचार स्तुत्य होता. कंपनीला नफ्याचा मोह आणि सरकारला सत्तेचा, म्हणून या दोघांपासून अलिप्त असा तिसरा विश्वस्त असावा.

गोम इथेच आहे. कायद्याने कंपनीचे हात बांधले. सरकारचे हात राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने बांधलेलेच होते. तिसऱ्याचे हात बांधण्याची गरज कोणालाच भासली नाही. तो 'सेवाभावी' होता ना! सेवाभावी माणूस कधी चुकतो काय?

पूर्व हार्लेमचा प्रश्न

मॅनहॅटनमधील लोकवाहिन्यांचा कारभार १९९०च्या दशकाच्या प्रारंभापासून 'मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्क' ही संस्था पाहते. तिची नेमणूक शहराने केली. तिला पैसा मिळतो तो शहराशी झालेल्या करारांनुसार केबल कंपन्यांकडून. न्यूयॉर्क राज्याच्या नियमांनुसार या वाहिन्या विनामूल्य आणि 'जो आधी येईल त्याला आधी' या तत्त्वावर सर्वांना खुल्या ठेवाव्या लागतात. एवढे सारे सार्वजनिक असूनही संस्थेच्या तेरा संचालकांपैकी शहराचा प्रतिनिधी म्हणून मॅनहॅटनचे बरो अध्यक्ष नेमू शकत होते, ते केवळ दोन. संस्था जनतेसाठी, पैसा जनतेच्या रस्त्यांचा आणि उरलेल्या अकरा खुर्च्या जनतेच्या कक्षेबाहेर!

डीडी हॅलेक या लोकवाहिनी चळवळीतल्याच जुन्या कार्यकर्त्या. २०१२ साली त्यांनी आणि हेसूस पापोलेटो मेलेंडेझ यांनी एक चित्रफीत तयार केली. ही संस्था गरीब, प्रामुख्याने स्पॅनिश भाषकांच्या पूर्व हार्लेम वस्तीकडे दुर्लक्ष करते, हा तिचा आशय. संस्थेने ती चित्रफीत आपल्याच वाहिनीवरून दाखवली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण त्यानंतर आशयाबद्दल तक्रारी आल्या आणि हॅलेक यांना वाहिनीच्या वापरापासून तात्पुरते निलंबित करण्यात आले. पुढे मेलेंडेझ यांच्यावरून कर्मचाऱ्यांशी आणखी एक वाद उद्भवला आणि अखेरीस दोघांनाही संस्थेच्या सर्व सेवा-सुविधांपासून निलंबित केले गेले. आमच्या टीकेपोटीच ही शिक्षा झाली, असा दावा करीत दोघे न्यायालयात गेले.

हा आरोप खरा की खोटा, निलंबनामागे टीकेचा राग होता की वर्तनाचा आक्षेप, हे सर्वोच्च न्यायालयाने तपासलेच नाही. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की या संस्थेला घटनेची पहिली दुरुस्ती लागू होते काय? दुसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २०१८मध्ये 'होते' असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी बहुमताच्या वतीने असे प्रतिपादन केले, की लोकवाहिनी चालवणे हे परंपरेने केवळ सरकारनेच करायचे काम नाही. त्यामुळे ते करणारी संस्था खासगीच राहते आणि खासगी संस्थेला घटनेचे ते बंधन नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी तीन सहकाऱ्यांसह भिन्नमत नोंदवले. त्यांच्या मते हा आपल्या अंगणात चार लोकांना बोलू देणाऱ्या घरमालकाचा खटला नव्हता. शहराने निर्माण केलेल्या सार्वजनिक व्यासपीठावर शहरानेच नेमलेल्या कारभाऱ्याचा खटला होता.

बहुमताच्या बाजूनेही काही म्हणता येते. उद्या कोणी आपल्या दुकानाबाहेर सूचनाफलक लावला आणि लोकांना तिथे लिहू दिले, तर केवळ तेवढ्यावरून त्याला सरकार मानणे अन्यायाचे होईल. घटनेचे बंधन सरसकट लादले, तर खासगी माणसे व्यासपीठ उघडण्यासच कचरतील. ही भीती निराधार नाही. पण या लोकवाहिनीला ती लागू कशी पडते? इथे फलक दुकानदाराचा नाही. तो कायद्याच्या बळावर लावून घेतलेला आहे आणि दुकानदाराला तर त्यावरचा मजकूर पुसायचीही मनाई आहे. कॅव्हनॉ यांनीच नमूद केले, की शहराने या वाहिन्या स्वतः चालवायला घेतल्या, तर परिस्थितीनुसार घटनेचे बंधन लागू होऊ शकेल. याचा अर्थ काय? काम तेच, पैसा तोच, वाहिनी तीच. सरकारने स्वतः केले तर नागरिकाला हक्क आहे आणि मध्ये एक संस्था उभी केली तर नाही. मग हक्क बुडवण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

'आम्ही सेवा करतो' हे उत्तर नव्हे

खटल्याचा निकाल लागला. पण दुखण्याचे मूळ न्यायालयात नाही, कारभारात आहे. अशा संस्थांच्या रचनेकडे नीट पाहिले, तर चार छिद्रे दिसतात.

पहिले छिद्र संचालक मंडळाचे. मुदत संपलेल्या संचालकाच्या जागी नवा कोण, हे बहुधा उरलेले संचालकच ठरवतात. ज्या संस्थेत वाहिनी वापरणाऱ्या निर्मात्यांना, प्रेक्षकांना किंवा वस्तीला मतच नसते, तिथे वर्षानुवर्षे एकाच वर्तुळातील माणसे एकमेकांना सूचक आणि अनुमोदक होत राहतात. वर्तुळ सज्जनांचे असेलही. पण ते वर्तुळच राहते.

दुसरे छिद्र देखरेखीचे. नगर परिषद करार करते, वार्षिक अहवाल मागवते आणि अहवाल आला की तो कपाटात ठेवते. शिवाय देखरेख करणारे अनेकदा स्वतःच त्या वाहिन्यांवर झळकत असतात. ज्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे आहे त्याचा हिशेब कठोरपणे कोण तपासणार? अमेरिकी कायद्यानुसार अशा करमुक्त संस्थांना आपले वार्षिक विवरणपत्र, प्रमुख पदाधिकाऱ्यांच्या वेतनासह, मागेल त्याला दाखवावे लागते. अलीकडच्या तीन वर्षांची विवरणपत्रे पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे. तरतूद उत्तम आहे. परंतु विवरणपत्रातून पैसा कुठे गेला ते कळते. एखाद्याला वाहिनीची दारे का बंद झाली, ते कळत नाही.

तिसरे छिद्र न्यायाचे. वाहिनी चालवणाऱ्यांना शिस्तीची गरज असते, हे मान्यच केले पाहिजे. कोणी उपकरणे मोडतो, कोणी कर्मचाऱ्याला धमकावतो. अशा माणसाला बाहेर काढावेच लागते. पण आरोप करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच असेल आणि अपिलाची सोय नसेल, तर शिस्त आणि सूड यांतली सीमारेषा कोण आखणार? ज्याच्यावर टीका झाली त्यानेच टीकाकाराचा निवाडा करू नये, हे न्यायाचे प्राथमिक तत्त्व आहे. ते मोठ्या न्यायालयांतच पाळायचे आणि संस्थांच्या कचेऱ्यांत विसरायचे, असे नाही.

चौथे छिद्र पैशाचे, आणि ते दिवसेंदिवस मोठे होत आहे. नगरांना लोकवाहिन्यांच्या इमारती व यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर वसूल करता येतो, वेतनासारखा चालू खर्च मात्र येत नाही. परिणामी काही ठिकाणी स्टुडिओ झगझगीत असतो आणि तो चालवायला माणूस नसतो. त्यात २००५मध्ये टेक्ससने आणि २००६मध्ये कॅलिफोर्नियाने परवान्याचे अधिकार नगरांकडून राज्य पातळीवर नेले. इतर राज्येही त्या वाटेने गेली आणि नगरांची वाटाघाटीची ताकद खच्ची झाली. २०१९मध्ये दळणवळण आयोगाने कंपन्यांनी वस्तुरूपाने दिलेल्या अनेक सुविधांचे मूल्यही ५ टक्क्यांत मोजण्याचा आदेश काढला. दरम्यान प्रेक्षकच केबल सोडून इंटरनेटकडे वळल्याने मूळ उत्पन्नच आटू लागले. मग संस्था देणगीदारांकडे वळते. ज्याचे अन्न खावे त्याचे गुण गावे लागतात. म्हणजे आधीच जनतेला उत्तर न देणारी संस्था आता देणगीदाराला उत्तर देऊ लागते!

सरकारी कुलूप हाही उपाय नव्हे

यावर कोणी म्हणेल, 'मग सरकारनेच ताबा घ्यावा.' त्यांनी १९८८चे कॅन्सस सिटी आठवावे. तेथील लोकवाहिनीवर 'कु क्लक्स क्लॅन' या वर्णद्वेष्ट्या टोळीला कार्यक्रम करायचा होता. त्या टोळीचा विचार अमंगळ होता, याविषयी दुमत नाही. पण नगर परिषदेने काय केले? तिने लोकवाहिनीच बंद करून टाकली! उंदीर शिरला म्हणून घर पेटवण्यातलाच हा प्रकार. प्रकरण न्यायालयात गेले, खटला मोडीत काढण्याचा नगराचा प्रयत्न १९८९मध्ये फसला आणि नगराला वाहिनी पुन्हा सुरू करावी लागली. त्या वाहिनीवर आपली सुखदुःखे मांडणाऱ्या शेकडो निरपराध नागरिकांचा या साऱ्यात विचार कोणी केला? सरकारच्या हाती किल्ली असेल, तर अडचणीचा पहिला प्रसंग येताच कुलूप लागते. संस्थेच्या हाती बेहिशेबी किल्ली असेल, तर कुलूप सर्वांना लागत नाही. फक्त नावडत्याला लागते. दोन्हींत अधिक धोकादायक कोणते? माझ्या मते दुसरे. सर्वांसाठी लागलेले कुलूप दिसते तरी. एकट्यासाठी लागलेले कुलूप कोणाला दिसतही नाही.

आपल्या घरात

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांना वाटेल. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच, क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला आहे. २००६च्या धोरणाने ना नफा तत्त्वावरील संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी भागात २००८पासून 'माणदेशी तरंग' ऐकू येऊ लागला, तो त्यामुळेच. अशा केंद्राच्या मालकी व व्यवस्थापनात त्या समुदायाचे प्रतिबिंब असावे, असे धोरणात लिहिले आहे. लिहिले उत्तम, पण हे प्रतिबिंब कोणी आणि कोणत्या मापाने मोजायचे? जो प्रश्न मॅनहॅटनला पन्नास वर्षे सुटला नाही, तो आपल्या दारी यायला वेळ लागणार नाही.

समाधानाची गोष्ट एवढी, की कायद्याच्या बाबतीत आपण काही पावले पुढे आहोत. ज्या २०१९ सालच्या जूनमध्ये अमेरिकी न्यायालयाने 'संस्था खासगी' म्हणून हात झटकले, त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात नेमके उलट सूत्र सांगितले. ज्या स्वयंसेवी संस्थेला सरकारकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भरीव साहाय्य मिळते, ती माहितीच्या अधिकाराखाली येते. साहाय्य निम्म्याहून अधिकच असले पाहिजे, असेही नाही. शहरातील जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळाली असेल, तर तेही भरीव साहाय्य ठरू शकते. हाच गज लावला, तर फुकट मिळालेल्या वाहिन्या आणि करारातून मिळालेला निधी यांवर चालणाऱ्या संस्थेला 'मी खासगी' असे म्हणण्यास तोंड उरेल काय? शिवाय जी संस्था सार्वजनिक कर्तव्य पार पाडते तिच्याविरुद्ध घटनेच्या २२६व्या कलमाखाली उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते, हे क्रिकेट नियामक मंडळाच्या बाबतीत २००५मध्येच स्पष्ट झाले आहे. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५चा. पण महाराष्ट्राने, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, २००२मध्येच आपला कायदा केला होता, याचा अभिमान मराठी माणसाने जरूर बाळगावा.

पण अभिमान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आपल्याकडे १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज देण्याची सक्ती आहे, दरवर्षी लेखापरीक्षण आहे. आणि तरीही आपल्या गावातील वाचनालयाची, शाळेची किंवा रुग्णालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते, ते आपण सर्व जाणतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम, जमाखर्चाला टाळ्यांच्या गजरात मंजुरी, आयत्या वेळच्या विषयांना वेळ अपुरा आणि मग अल्पोपाहार. मी स्वतः अशा एका सभेत, सभासद या नात्याने, इमारत निधीच्या खर्चाविषयी साधा प्रश्न विचारला होता. उत्तर मिळाले, 'आम्ही तीस वर्षे पदरमोड करून संस्था चालवतो आहोत. आमच्यावर संशय घेता?' मी संशय घेतला नव्हता, हिशेब मागितला होता. या दोहोंत फरक आहे, हे निष्ठावंत माणसांनाही कळेनासे होते, तेव्हा संस्थेच्या ऱ्हासाला आरंभ झालेला असतो.

या साप्ताहिकाच्या वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील. म्हणून पहिला प्रश्न मॅनहॅटनला नव्हे, स्वतःला विचारू या. आपल्या संस्थेत लाभार्थ्यांपैकी किती जणांना मत आहे? पदाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीला मर्यादा आहे काय? बैठक आणि हिशेब सर्वांसाठी खुले आहेत काय? कोणावर कारवाई करायची झाल्यास लेखी कारण, बाजू मांडण्याची संधी आणि त्रयस्थाकडे अपील या तीन गोष्टी घटनेत लिहिलेल्या आहेत काय? आपल्यावर टीका करणाऱ्याला आपल्याच व्यासपीठावर उभे राहता येते काय?

लोकवाहिनी असो, रेडिओ असो वा वाचनालय, पाच प्रश्नांचे उत्तर 'होय' देता येते ती संस्था लोकांची. ज्यांना देता येत नाही त्यांनी आपल्या नावातील 'लोक', 'जन' आणि 'समाज' हे शब्द आधी पुसावेत. विश्वस्त या शब्दाच्या पोटातच विश्वास आहे, आणि विश्वास हिशेबावर जगतो. किल्ली सांभाळणाऱ्याचे आभार मानावेत, हारही घालावा. पण चावडी कोणाची, हे त्याला वर्षातून एकदा तरी साऱ्या गावासमोर विचारलेच पाहिजे.